शिक्का काही बसेना

कागद एकदा झेरॉक्समामांच्या मशीनमधून बाहेर पडला, की पाणी, वाळवी, तेलकट बोटं आणि सरकारी शिपाई यांपैकी कोणीही त्याचं काही वाकडं करू शकत नाही, असं मामा छातीठोकपणे सांगत. दुकानाच्या काचेवर त्यांनी लाल अक्षरांत लिहूनच ठेवलं होतं, 'फाटेल, पण सुटणार नाही!' जाहिरातीत तो 'फाटेल' कशाला, असं मामी म्हणायच्या. पण खोटं बोलून गिऱ्हाईक ओढणाऱ्यांतले मामा नव्हते.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. झेरॉक्समामा हे नाव पोरांनी पाडलेलं, पण मामांचा खरा जीव झेरॉक्सवर नव्हता, लॅमिनेशनवर होता. गरम रोलरमधून कडक, चकचकीत, किंचित कोमट कागद बाहेर आला की ते तो नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेत. घरातही तोच प्रकार. गॅसवाल्याचा नंबर लॅमिनेट, मामींच्या चष्म्याचा नंबर लॅमिनेट, जिन्यातली 'चपला इथे काढू नका' ही सूचना लॅमिनेट. एकदा त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी लॅमिनेट करून नेली. डॉक्टरांना औषध बदलायचं होतं, पण पेन त्या कागदावर नुसतं घसरत राहिलं. डॉक्टर वैतागले. औषध पहिल्या खेपेलाच नीट द्यायला काय होतं, असं मामा घरी येऊन म्हणाले.

या वेडाचं मूळ अक्का होती.

अक्का ही मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्काने स्वतःची वेणी घालायच्या आधी धाकट्याचा भांग पाडायला सुरुवात केली आणि त्याला लहानाचा मोठा केला. मामा शाळेतून बाहेर पडले त्या वर्षी वरच्या मजल्यावरची टाकी फुटली आणि त्यांचा शाळेचा दाखला ट्रंकेतल्या ट्रंकेत भिजला. शाई पसरली, जन्मतारीख धुऊन गेली आणि मामा काही महिने कागदोपत्री जन्मलेच नव्हते. अक्काने दाखला दोन धोतरांमध्ये धरून इस्त्रीने वाळवला, धाकट्याचं मनगट धरलं आणि ती कचेरीमागून कचेरी चढत राहिली. प्रत्येक खिडकीत हा मुलगा जन्मलेला आहे असं सांगायची आणि पुरावा म्हणून त्यालाच पुढे ढकलायची. नवा दाखला हातात पडला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कागद सांभाळ रे छोट्या. माणसाचं कोणी ऐकत नाही, कागदाचं ऐकतात."

छोट्याने हे इतकं मनावर घेतलं की त्याचा धंदाच झाला.

पुढे अक्काचा मुलगा नोकरीसाठी लांबच्या देशात गेला आणि आईला घेऊन गेला. तिथून तिचा फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा. "कागद नीट आहेत ना?" हा असायचा. मामा म्हणायचे, आहेत. मग ती मामींची चौकशी करायची, तीसुद्धा तिच्या पद्धतीने. "आणि तुझी बायको? अजून सगळं त्या पर्समध्येच कोंबते का?"

नणंदभावजयीचं कधी फारसं जमलं नाही. भांडण असं नव्हतं, पण अक्काच्या मते मामी धांदरट होत्या आणि मामींच्या मते अक्का पोलिसात असायला हव्या होत्या. वादाचं मूळ ती पर्स. तिच्यात पेपरमिंटच्या गोळ्या, सेफ्टी पिना, डोकेदुखीचं मलम, दिवाळं निघालेल्या शिंप्याची जुनी पावती, अर्धा कंगवा आणि घराच्या किल्ल्या एकत्र संसार करत. मामांनी त्या पर्सकडे पाहणं सोडून दिलं होतं, कारण पाहिलं की त्यांना धाप लागायची.

तर एके दिवशी भाच्याचा फोन आला. अक्काने अंथरूण धरलंय, डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, दिवसांत बोलतात. "मामा, आई तुमचंच नाव घेतेय. या लगेच."

मामांनी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं, वर ढकललं आणि पुन्हा खाली ओढलं. काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं. ती गेली तर या जगात आपल्याला छोट्या म्हणणारं कोणी उरणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

तिकिटं भाच्याने पाठवली. दोन विमानं होती. मधल्या विमानतळावर एका इमारतीत उतरायचं, बाहेरच्या रस्त्यावरून बसने दुसऱ्या इमारतीत जायचं आणि तिथून दुसरं विमान पकडायचं. त्या एवढ्याशा रस्त्यासाठी त्या देशाचा एकपानी परवाना लागायचा. एजंटाने दोघांच्या हातात एकेक परवाना ठेवला. वर फोटो, खाली नाव-नंबर आणि तळाशी एक रिकामा चौकोन.

"हा कागद जिवापाड जपा बरं का," एजंट म्हणाला. "जरा खराब झाला तर तिथेच अडकाल."

हे वाक्य त्याने जगात कोणालाही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मामांना सांगायला नको होतं.

संध्याकाळी मामांनी बंद दुकान उघडलं आणि मशीन तापायला ठेवलं. त्यांनी ठेवणीतलं जाड पाकीट काढलं, जे ते फक्त पदवीच्या प्रमाणपत्रांना वापरत. परवाना मधोमध बसवला, फुंकर घालून धूळ उडवली आणि रोलरमध्ये सोडला. अक्काच्या आणि आपल्या मध्ये आता हा एकच कागद आहे, असं त्यांना वाटत होतं, आणि त्याला ते वाराही लागू देणार नव्हते. बाहेर आलेला परवाना त्यांनी दिव्यासमोर धरला. एक बुडबुडा नाही की एक सुरकुती नाही! मग त्यांनी मामींपुढे हात केला.

मामी म्हणाल्या, "माझा राहू दे. माझ्या पर्समध्ये आहे तो."

मामांनी त्यांना खराब होण्याचे सगळे प्रकार समजावून सांगितले. मामींनी परवान्याची चौघडी केली, मलमाच्या डबीखाली सारली आणि पर्सची चेन लावली. तिथे अडकलीस तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस, असं मामा म्हणाले.

पहिल्या विमानतळावर मामांची कॉलर ताठ झाली. काउंटरवरची मुलगी परवाना उलटसुलट करून म्हणाली, किती छान ठेवलाय! तिथे तो फक्त बघायचा होता आणि बघायला त्याच्यासारखा कागद नव्हता. मामींच्या परवान्यावर मलमाचा डाग पडला होता. तो उलगडताना एक सेफ्टी पिनही बाहेर आली. मामांनी दुसरीकडे पाहिलं. विमानात ते शेजारच्या प्रवाशाला गरम आणि थंड लॅमिनेशनमधला फरक सांगत राहिले. तो झोपला, तरी यांचं सांगणं चालूच होतं. थांबले की अक्का आठवायची, म्हणून ते थांबत नव्हते.

मधल्या विमानतळावर ते दुपारी उतरले. रांगेत मामा पुढे, मामी मागे. खिडकीतल्या साहेबांनी फोटो पाहिला, मामांना पाहिलं, नंबर जुळवला आणि शिक्का उचलून तळाच्या चौकोनावर मारला.

शिक्का घसरला.

साहेबांनी पाहिलं तर चौकोनात शिक्क्याऐवजी निळा ओघळ होता. त्यांनी रुमालाने तो पुसला. झटकन पुसला गेला. लॅमिनेशनचा हाच तर गुण! साहेबांनी दुसऱ्यांदा मारला. या वेळी शिक्का उमटला, पण साहेबांनी कागद उचलताच तो त्यांच्या अंगठ्यावर गेला. तिसऱ्यांदा त्यांनी उभं राहून मारला, तेव्हा परवाना सटकून काचेखालून बाहेर आला आणि मामांच्या पोटावर आदळला.

मग थोरले साहेब आले. त्यांनी स्वतःचा वेगळा शिक्का आणला, वेगळी शाई आणली आणि स्वतःची पांढरी बाही निळी करून घेतली. मागची रांग माना उंचावून बघू लागली. नियम साधा होता. शिक्का कागदावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर बसलेला शिक्का हा शिक्का नव्हे. थोरल्या साहेबांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, हे वरचं प्लास्टिक काढता येईल का?

आणि मामांच्या तोंडून, डोकं चालायच्या आत, धंदा बोलून गेला. "अजिबात नाही. माझं काम आहे ते."

बोलले आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो. त्यांनी साहेबांकडून कात्री मागून घेतली, कडा कापली आणि नखाने पाकिटाचं तोंड उघडायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांत मामांनी लावलेलं लॅमिनेशन कोणी सोडवलं नव्हतं. मामा आता स्वतःशीच झगडत होते. कपाळावरून घाम गळत होता. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ते सारखे घड्याळाकडे बघत होते. शेवटी पाकीट एका कोपऱ्यात उघडलं, मामांनी जोर केला आणि दुकानाच्या काचेवरचं वचन खरं ठरलं. सुटलं नाही, फाटलं. फोटो वरच्या प्लास्टिकला चिकटून एकीकडे गेला, नाव आणि नंबर दुसरीकडे.

थोरल्या साहेबांनी दोन तुकडे दोन हातांत धरून पाहिले. आता एका हातात नाव नसलेला माणूस होता आणि दुसऱ्या हातात माणूस नसलेलं नाव. साहेब वाईट नव्हते. नवा परवाना इथेच मिळेल, पण त्याची कचेरी उद्या सकाळी उघडेल, तोवर इथेच बसावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मामा म्हणाले, माझी बहीण आहे हो तिकडे. साहेब म्हणाले, कागद नाही. आणि अक्काचं वाक्य मामांच्या कानात वाजलं, माणसाचं कोणी ऐकत नाही.

तेवढ्यात मामींनी पर्स उघडली. पेपरमिंट बाजूला, कंगवा बाजूला, मलमाची डबी बाजूला. चौघडी केलेला, डागाळलेला, कोपऱ्याला दुमडलेला परवाना त्यांनी काचेखाली सरकवला. साहेबांनी तो तळहाताने सपाट केला आणि शिक्का मारला. ठक्! अक्षर न् अक्षर उमटलं.

मामा त्या शिक्क्याकडे बघतच राहिले.

"आता?" मामींनी विचारलं.

"आता तू जा."

"मी एकटी? अहो, बहीण तुमची आहे. मला दारात बघून वन्संचं दुखणं वाढायचं."

"वाढू दे," मामा म्हणाले. "आपलं माणूस म्हणून कोणीतरी पोचलं पाहिजे. जा तू."

मामी आयुष्यात एकट्या कधी परगावीही गेल्या नव्हत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली, चार पावलं टाकली आणि वळून विचारलं, "काय सांगू त्यांना?"

मामांना सांगायचं पुष्कळ होतं. शेवटी म्हणाले, "सांग, कागद घेऊन येतोय."

मामी बसकडे गेल्या. मामांना एका लांबट खोलीत बसवलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि काचेपलीकडे धावपट्टी दिसत होती. मामांनी प्रत्येक उडणारं विमान आपलंच समजून पाहिलं. त्यांतलं एक कुठलं तरी खरंच त्यांचं होतं. हातात प्लास्टिकचे दोन तुकडे होते. फेकवत नव्हते आणि बघवत नव्हते. आपण लावलेलं इतकं घट्ट का लावतो, असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. उत्तर माहीत होतं. भीती वाटते म्हणून. आई गेली तेव्हापासून वाटते.

रात्री फोन वाजला. मामी होत्या. पोचले म्हणाल्या, वन्संच्या उशाशी बसलेय, फोन त्यांच्या कानाला लावतेय, बोला.

पलीकडून आधी नुसता श्वास आला. मग बारीक झालेला, पण ओळखू येणारा आवाज. "छोट्या. कुठे आहेस?"

"वाटेत आहे अक्का."

"कागद नीट आहेत ना?"

आहेत म्हणणं सोपं होतं. एवढी वर्षं तेच म्हटलं होतं. मामांनी तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडलं. "नाही अक्का. मी परवाना लॅमिनेट केला. त्यावर शिक्काच बसेना." आणि एकदा सुरुवात झाल्यावर ते सांगतच सुटले. साहेबांचा निळा अंगठा, पोटावर आदळलेला परवाना, माझं काम आहे ते म्हणून मारलेली बढाई, दोन हातांतले दोन तुकडे, सगळं. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

पलीकडे काहीच ऐकू येईना. मामांना वाटलं, अक्का रागावली. मग एक घरघर ऐकू आली. ते खुर्चीतून उठले. पण ती घरघर थांबेना, तिच्यात आणखी एक आवाज मिसळला, आणि मग मामांना कळलं. अक्का हसत होती. मामीही हसत होत्या. एवढ्या वर्षांत त्या दोघींना एकत्र हसताना मामांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते फोनवर!

"अरे वेड्या," अक्का दम खात म्हणाली, "सांभाळ म्हटलं होतं. कोंडून ठेव नव्हतं म्हटलं."

"चुकलं अक्का."

"ये सावकाश. ही आहे इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा परवाना मिळाला. मामांनी तो दोन बोटांत उघडा धरून नेला. त्याच साहेबांनी शिक्का मारला. अंगठा अजून निळाच होता. ठक् असा आवाज आला.

शेवटच्या विमानतळाच्या दारात भाचा उभा होता. त्याने हात हलवला नाही. मामा त्याच्याजवळ गेले, आणि विचारायचं काही उरलं नाही. पहाटे गेली, तो म्हणाला. झोपेतच गेली.

खोलीत अक्का शांत निजली होती. केस नीट विंचरलेले होते. उशाशी अर्धा कंगवा पडला होता आणि मामी प्रवासातल्याच कपड्यांत बसून होत्या. मामांनी अक्काचं मनगट धरलं. एकेकाळी तिने त्यांचं धरलं होतं तसंच, पण आता कुठली कचेरी चढायची ते सांगणारं कोणी नव्हतं. मामा लहान मुलासारखे रडले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

नंतर मामी हळू आवाजात सांगू लागल्या. रात्रभर वन्सं तेवढंच विचारत होत्या, शिक्का कसा घसरला ते पुन्हा सांग. दर खेपेला हसायच्या. शेवटी म्हणाल्या, तुझा कागद कुठे होता ग? मी म्हटलं, पर्समध्ये, चुरगळलेला. तर म्हणाल्या, बरं झालं तू अशी आहेस. एवढं सांगून मामीही रडू लागल्या.

संध्याकाळी भाचा दवाखान्यातून एक कागद घेऊन आला. त्यावर अक्काचं पूर्ण नाव होतं आणि तारीख. मामांनी तो हातात घेतला आणि कितीतरी वेळ वाचत बसले. एवढं वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मामा," भाचा चाचरत म्हणाला, "एवढा महत्त्वाचा कागद आहे. तुमच्याकडे दिला तर तुम्ही लॅमिनेशन..."

"नको," मामा म्हणाले. "अजून पुष्कळ शिक्के बसायचेत त्यावर."

मामींनी पर्स उघडून पुढे धरली. मामांनी तिच्यात पाहिलं. पेपरमिंट, पिना, मलम, पावती. या वेळी त्यांना धाप लागली नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने कागदाची चौघडी केली आणि मलमाच्या डबीखाली नीट सारली. मग जन्माची सवय, राहवलं नाही.

"जप हं," ते म्हणाले. "भिजू देऊ नकोस."

मामींनी चेन लावली. "तो भिजलाय आधीच," त्या म्हणाल्या. "तुम्हीच भिजवलाय."